पार्किंगमधलं कॉलेज

कोथिंबीर आणि दुधी आणायला निघालेल्या मावशीने अचानक इंडिकेटर दिला आणि गाडी भलतीकडेच वळवली. समोर एक भलामोठा पार्किंग लॉट. रविवार असल्यामुळे रिकामा. पलीकडे झाडं आणि लाल कौलांच्या बुटक्या इमारती. मला वाटलं, एखादा मॉल असेल. मावशीने पांढऱ्या पट्ट्यांच्या एका चौकोनात गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून म्हणाली, "हे माझं कॉलेज."

मी हसले. कारण मावशीचं कॉलेज कुठलं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी! सांगलीच्या घरी आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, फोटोशेजारी तिचा फोटो आहे. १९८० सालचा. काळा गाऊन, चौकोनी टोपी आणि गाऊनखालून डोकावणारे साडीचे काठ. तो फोटो दाखवून आमच्या तीन पिढ्यांना अभ्यासाला बसवलंय.

"ते नंतरचं गं," मावशी म्हणाली. "आधी हे. चार वर्षं. सांगलीत कुणाला माहीत नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

२०२३ चा ऑगस्ट. मी दोन महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात मावशीकडे गेले होते आणि तिने आजवर फक्त नवऱ्याला माहीत असलेली गोष्ट मला एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सांगितली. काय रिअ‍ॅक्शन द्यायची असते अशा वेळी? मी विचारलं, "मग दुधी?"

दुधी राहिलाच. आम्ही तीन तास तिथे होतो.

कॉलेजचं नाव डी आन्झा. गाव कुपर्टिनो, म्हणजे अ‍ॅपल कंपनीचं गाव. १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्झा नावाचा स्पॅनिश सरदार आपला काफिला घेऊन इथून गेला, त्याचं नाव कॉलेजला दिलंय. कॉलेज सुरू झालं १९६७ मध्ये. त्याआधी तिथे एका श्रीमंताची इस्टेट होती, द्राक्षांचे मळे आणि वाइनचं तळघर वगैरे. त्याचा फ्रेंच थाटाचा बंगला अजून कॅम्पसमध्ये उभा आहे आणि त्याच्यासमोर जमिनीच्या पातळीखाली उतरलेली एक कारंज्याची बाग आहे. मावशी म्हणाली, तिच्या वेळी या बागेच्या पायऱ्यांवर लोक गिटार वाजवत, अभ्यास करत, भांडत आणि एकमेकांच्या गळ्यात पडत. ती मान खाली घालून पलीकडून जायची. पहिलं वर्षभर तरी.

आता हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय भानगड आहे? तुमच्यापैकी ज्यांचे कझिन्स तिकडे असतील त्यांना माहीत असेल. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. तिथे नर्सिंग शिका, हिशेब लिहायला शिका, मोटार दुरुस्त करायला शिका, नाहीतर डिग्रीची पहिली दोन वर्षं करा आणि थेट तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत जा. पहिलं असं कॉलेज निघालं १९०१ मध्ये, इलिनॉयमधल्या जोलिएट गावात. पण खरी लाट आली १९६० च्या दशकात. त्या एका दशकात अमेरिकेत ४५७ सरकारी कम्युनिटी कॉलेजं उघडली. जवळजवळ दर आठवड्याला एक! आपल्याकडे दर आठवड्याला एक क्लास उघडतो, तसं.

कॅलिफोर्नियाने तर १९६० मध्ये मास्टर प्लॅनच केला होता. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजं आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे खरोखरच सगळ्यांना. शाळा पूर्ण केलेली असली तर उत्तम, नसली तर वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि शिकून तुम्हाला काही फायदा होईल असं वाटायला हवं. बस्स! कट-ऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही, डोनेशन नाही. आणि राज्यात राहणाऱ्यांना फी शून्य. १९८४ पर्यंत शून्य होती, मग युनिटला पाच डॉलर झाली.

मावशी १९७२ च्या मे महिन्यात तिथे उतरली. वय वर्षं २०. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं, "पुढचं तिकडे गेल्यावर कर" असं सगळ्यांनी सांगितलं आणि तिकडे गेल्यावर कुणीच काही म्हणालं नाही. काका एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनीअर. घर सनीव्हेलला, दोन खोल्यांचं अपार्टमेंट. त्या भागाला सिलिकॉन व्हॅली हे नाव छापून आलं होतं जेमतेम दीड वर्षापूर्वी, १९७१ च्या जानेवारीत, एका व्यापारी साप्ताहिकात. मावशीच्या खिडकीतून मात्र सिलिकॉन नाही, जर्दाळूची बाग दिसायची. सांगलीहून येणाऱ्या पत्रांमध्ये दुष्काळाच्या बातम्या असायच्या. मावशीच्या पत्रांत काय असायचं? "आम्ही इकडे मजेत आहोत." आजीने सगळी पत्रं जपून ठेवली आहेत. मी वाचलीत. पहिल्या सव्वा वर्षातल्या प्रत्येक निळ्या अंतर्देशीसारख्या कागदावर हे वाक्य आहे, आणि त्यापलीकडे फारसं काही नाही.

बोलायला माणूस नव्हतं. काका सकाळी जात, रात्री येत. ते आले की ती त्यांना दुपारी टीव्हीवर काय लागलं ते सांगे.

मग शेजारीण आली. चाळिशीची, दोन मुलांची आई, नुकताच घटस्फोट झालेला. कॅलिफोर्नियात १९७० पासून एकमेकांवर आरोप सिद्ध न करता घटस्फोट घेता यायला लागला होता आणि मावशीच्या म्हणण्यानुसार त्याचा सगळ्यात मोठा परिणाम कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसायचा! चाळिशीच्या, पंचेचाळिशीच्या बायका. वीस वर्षं संसार केलेल्या आणि आता नोकरी कशी मिळवायची म्हणून टायपिंग आणि अकाउंट्स शिकायला आलेल्या. ही शेजारीण त्यातलीच. एक दिवस कपडे धुवायच्या खोलीत तिने मावशीला विचारलं, "तू दिवसभर काय करतेस?" मावशीने इंग्रजीत वाक्य जुळवलं. "स्वयंपाक करते आणि वाट बघते." शेजारीण म्हणाली, "वाट कॉलेजातही बघता येते. फुकट आहे."

१९७३ चा सप्टेंबर. रजिस्ट्रेशनसाठी जिमखान्यात ही रांग. प्रत्येक विषयाचं टेबल वेगळं आणि टेबलावर भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे. गठ्ठ्यातलं कार्ड मिळालं म्हणजे वर्गात सीट मिळाली. संपली कार्डं की संपली सीट. मावशी काठापदराच्या साडीत, हातात पर्स घट्ट धरून. "मला वाटलं मार्कशीट मागतील," ती म्हणाली. "मी सांगलीहून आणलेली सगळी सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. कुणी बघितलीच नाहीत गं. टेबलावरच्या पोराने विचारलं, सकाळचा वर्ग हवा की संध्याकाळचा? मला रडूच आलं."

हे सांगताना पन्नास वर्षांनंतरही तिचा आवाज बदलला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आपल्या डोक्यात सेव्हंटीजचा अमेरिकन कॅम्पस म्हणजे काय असतं? लांब केस, मोर्चे, गांजा, हॉस्टेलच्या रूम्स. सिनेमांनी दिलेलं पॅकेज! कम्युनिटी कॉलेजला हॉस्टेल नव्हतं. सगळे घरून येणारे, नोकरीवरून येणारे, नोकरीवर जाणारे. त्यामुळे कॅम्पसचा कट्टा म्हणजे हा पार्किंग लॉट. लोक गाडीत डबा खात, गाडीत झोपत, गाडीच्या बॉनेटवर वह्या पसरून गणितं सोडवत. कुणाच्या रेडिओवर रॉक, कुणाच्या बातम्या. नोटीस बोर्डवर चिठ्ठ्या. "सोमवार-बुधवार सॅन होजेहून येते, दोन जागा आहेत." १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि या चिठ्ठ्यांना एकदम भाव आला. शेजारणीच्या गाडीत मावशीसह चारजणी कोंबून जायला लागल्या. मावशीची इंग्रजी तिथे सुधारली. वर्गात नाही, मागच्या सीटवर!

त्या गाडीत कोण कोण होतं ऐका. शेजारीण. साठीची एक आजी, जिला शाळेत असताना शिकायचा राहिलेला इतिहास शिकायचा होता, डिग्री-बिग्री नको होती. आणि एक मेक्सिकन मुलगी, जी रात्रपाळीत चिप्सच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली तारा जोडायची आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी वर्गात यायची. सिलिकॉन व्हॅलीची गोष्ट सांगताना आपण नेहमी गॅरेजमधल्या दोन पोरांची सांगतो. त्यातला एक पोरगा, स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक, मावशीच्या आधी दोन-तीन वर्षं याच डी आन्झात काही काळ शिकून गेला होता म्हणे. पण चिप्सना तारा जोडणारी मुलगीही इथेच शिकत होती, हे मला कुठल्याच बिझनेस मॅगझिनने सांगितलं नव्हतं.

वर्गात व्हिएतनामहून परतलेले सैनिक असायचे, सरकारी भत्त्यावर शिकणारे. मावशीच्या शेजारी दाढीवाला एक जण बसे. दार धाडकन लागलं की तो टेबलाखाली वाकायचा. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा तिला कळलं. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगॉन पडलं आणि त्यानंतर वर्षभरात वर्गांत व्हिएतनामी निर्वासित दिसायला लागले. कधीकाळी तिकडे मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसं इकडे "माय नेम इज" पासून सुरुवात करत होती. "आणि तोच दाढीवाला त्यातल्या एकाला लायब्ररीत उतारे वाचून दाखवायचा," मावशी म्हणाली. "दोघं फारसं बोलायचे नाहीत. नुसतं वाचन चालायचं."

शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारायची, हा मोठाच शॉक. इंग्रजीचे सर टेबलावर मांडी घालून बसत आणि शिकवता शिकवता सिगारेट ओढत. विद्यार्थीही ओढत. तेव्हा चालायचं. पहिला निबंध मावशीने सांगलीच्या शाळेत पाठ केलेल्या पद्धतीने ठोकून दिला. विषय होता आपलं गाव. भारत हा कृषिप्रधान देश आहे, इथपासून सुरुवात! परत आला तेव्हा त्यावर एकही चूक काढलेली नव्हती. खाली फक्त लिहिलं होतं, यात सगळं आहे, तू कुठे आहेस? आणि ग्रेड डी.

"मला प्रश्नच कळेना," मावशी म्हणाली. "मी ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, अगं तुझं नाव लिहायला विसरली असशील."

दुसऱ्यांदा लिहिताना तिने कृष्णेच्या पुराचं लिहिलं. पाणी अंगणात आलं तेव्हा ती आणि दहा वर्षांनी लहान असलेली बहीण माळ्यावर बसून होत्या आणि बहिणीने भूक लागली म्हणून कच्चे पोहे खाल्ले, असं काहीसं. त्याला बी मिळाली. ती बहीण म्हणजे माझी आई.

आता थोडं विषयांतर, पण मला राहवत नाही. कुपर्टिनोपासून तासाभरावर ओकलंड शहर आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, पुढे मेरिट कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन तरुण भेटले. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील. कॉलेजात काळ्यांचा इतिहास शिकवा म्हणून चाललेल्या चळवळीत ते होते. १९६६ मध्ये त्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने तेच नाव उचलून दलित पँथर उभी केली. म्हणजे ज्या वर्षी मावशी कॅलिफोर्नियात उतरली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या एका फुकट कॉलेजातून निघालेली ठिणगी आपल्याकडे वरळी-नायगावात पोचली होती. हे मी परत आल्यावर वाचलं तेव्हा उडालेच. मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला कुठलं माहीत. आम्ही अल्जिब्रात अडकलेलो."

अल्जिब्रा! तिथे खरी मेख आहे. पण त्याआधी दोन गमती, कारण मावशीला त्या छापून यायला हव्या आहेत.

एक. १९७४ च्या वसंतात अमेरिकेतल्या कॅम्पसांवर नागडं पळायची साथ आली होती. शब्दशः. मुलं अंगावर फक्त बूट घालून पळत सुटायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. मावशी कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसली होती आणि समोरून एक जण गेला. तिने पदर डोळ्यांवर घेतला. शेजारणीने सांगितलं, "अगं, तो लाजत नाहीये, मग तू का लाजतेस?" या प्रश्नाचं उत्तर मावशीला अजून मिळालेलं नाही.

दोन. १९७४ च्या नोव्हेंबरात सांता क्लारा काउंटीने एक भन्नाट योजना काढली. फोन करा, बस तुमच्या दारात येईल. डायल-अ-राइड! आजच्या अ‍ॅपवाल्या टॅक्सीचा खापरपणजोबाच म्हणा. मावशीला आठवा महिना, गाडी येत नव्हती, तिला वाटलं देवच पावला. पण अख्ख्या काउंटीला तसंच वाटलं. फोन लागेचना. लागला तर बस येईना. सहा महिन्यांच्या आत योजना गुंडाळली. मावशीने दोन परीक्षा त्या बसमुळे बुडवल्या आणि मग ठरवलं, गाडी शिकायची. बाळंतपणानंतर, १९७५ च्या उन्हाळ्यात, शेजारणीने तिला गाडी शिकवली. रविवारी, याच रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. मागच्या सीटवर पाच महिन्यांची माझी मावसबहीण. आज जिथे आम्ही गाडी लावली होती, साधारण तिथेच तिने पहिल्यांदा रिव्हर्स घेतला आणि एक कचऱ्याचा डबा आडवा केला.

तर अल्जिब्रा. अकाउंटिंगला जायचं तर गणित हवं. मावशीने शाळेत गणित कसंबसं ढकललेलं. डी आन्झात अगदी सुरुवातीच्या अल्जिब्राला ती बसली आणि नापास झाली. पुन्हा बसली. मध्येच सोडला. काकांकडे तेव्हा ३९५ डॉलरचा एचपी-३५ कॅल्क्युलेटर होता, घरातल्या टीव्हीपेक्षा महाग, पण तो काही समीकरण मांडून देत नाही. बाळ झाल्यावर तिसऱ्यांदा, संध्याकाळच्या वर्गाला. तिसऱ्यांदा सी मिळाली. कुणी हसलं नाही, कुणी घरी कळवलं नाही, कुणी वर्ष वाया गेलं म्हणालं नाही. वर्षच नव्हतं तिथे, अकरा-बारा आठवड्यांची क्वार्टर असायची. एक सोडली की पुढची तीन महिन्यांत येतेच. दोन वर्षांचं कॉलेज मावशीने चार वर्षांत केलं. १९७७ च्या जूनमध्ये तिला असोसिएट डिग्री मिळाली, मग सॅन होजे स्टेटला तिसऱ्या वर्षात प्रवेश आणि १९८० मध्ये तो फोटो.

मग लपवलं का?

"१९७४ च्या गणपतीला," मावशी म्हणाली. तेव्हा तिथल्या मराठी मंडळींचा गणपती कुणाच्या तरी दिवाणखान्यात असायचा. सगळे नवरे आयआयटी, स्टॅनफर्ड, बर्कले. पुऱ्या तळताना एका बाईंनी विचारलं, तू कुठे शिकतेस म्हणे? हिने उत्साहाने सांगितलं. बाई गोड हसून म्हणाल्या, "हां, तिथे होय? तिथे काय, कुणालाही घेतात." एवढंच. त्या रात्री मावशीने सांगलीला पत्र लिहिलं. त्यात पहिल्यांदा "आम्ही मजेत आहोत" च्या पुढे एक वाक्य आलं. "मी येथील युनिव्हर्सिटीत शिकत आहे." अण्णांनी ते पत्र घेऊन अख्ख्या गल्लीत फेरी मारली. मग मागे फिरायची सोय उरली नाही.

कुणालाही घेतात. या दोन शब्दांचा मी तेव्हापासून बराच विचार केलाय. आपल्याकडे कॉलेजची किंमत त्याने किती जणांना घेतलं नाही, यावर ठरते. कट-ऑफ जितका वर, तितकं कॉलेज सॉलिड. आत गेल्यावर काय शिकवतात, हे कुणी विचारतं का? तिकडेही प्रकार फार वेगळा नाही, कम्युनिटी कॉलेजवर जोक्स तिकडेही होतातच. डी आन्झाच्या आवारातलं फ्लिंट सेंटर हे थिएटर १९७१ मध्ये उघडलं आणि २०१९ मध्ये बंद झालं. त्याच्याच स्टेजवर २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश कॉम्प्युटर जगाला पहिल्यांदा दाखवला गेला. जगभरच्या बातम्यांत मॅकिंटॉश होता. ते थिएटर कुणालाही घेणाऱ्या कॉलेजचं होतं, याच्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं.

आणि आता माझं. मावशीने हे सगळं मलाच का सांगितलं, ते मला त्या सीटवर बसल्या बसल्या कळलं होतं. माझ्या सीव्हीमध्ये २०१५ ते २०१७ ही दोन वर्षं नाहीत. मी मास कम्युनिकेशनची डिग्री लिहिते, त्याआधी बारावी लिहिते, मधली जागा कुणी विचारली तर "फॅमिली रीझन्स" म्हणते. खरं काय, तर इंजिनीअरिंग. पहिल्या वर्षी तीन केट्या, दुसऱ्या वर्षी वायडी. इयर डाउन. ज्यांनी हा शब्द आयुष्यात एकदा तरी नोटीस बोर्डवर स्वतःच्या नंबरापुढे वाचलाय, त्यांना पोटात काय होतं ते सांगायला नको. घरी आम्ही त्याला "ते" म्हणतो. "ते झालं तेव्हा", "त्याच्यानंतर". मी सोडलं तेव्हा आई एकच वाक्य बोलली होती. "माझ्यावरच गेलीस."

कारण आईचंही "ते" आहे. १९८० साली ती बारावीला गणितात नापास झाली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेहून काळ्या गाऊनचा फोटो आला. अण्णांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि आईला म्हणाले, "अक्काचं डोकं वेगळं. तू आपली शिवणक्लासला जा." आई गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, फॉर्मसुद्धा आणला होता तिने. भरला नाही. पुढची चाळीस वर्षं तिने उत्तम ब्लाउज शिवले, आमच्या दोघा भावंडांची शिक्षणं त्यातून झाली, आणि हिशेबाची वही ती आजही बाबांना लिहायला देते.

गाडीत मावशी म्हणाली, "तुझी आई नापास झाली तेव्हा मला पत्र आलं होतं. मी उत्तर लिहायला बसले. लिहिलंसुद्धा, की मी हाच विषय तीनदा दिलाय. आणि मग फाडलं गं. अण्णांनी फोटो लावला होता ना."

मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. इतकी चांगली माणसं, इतका छोटा कागद! पण मग माझा सीव्ही आठवला आणि राग नीट धरता येईना.

परतताना मावशी म्हणाली, "तू सांग तिला. मला नाही जमायचं." मी म्हटलं, "अजिबात नाही. तुझं तू सांग." आठवडाभर आमची यावरून धुसफूस चालली. शेवटी एका रविवारी सकाळी, म्हणजे आपल्या रात्री, मावशीने व्हिडिओ कॉल लावला. मी ओट्यापाशी उभी राहून दुधी किसत होते. ऐकत नसल्याचं दाखवत.

मावशीने सगळं सांगितलं. रांग, कार्डं, डी, पूर, पोहे, पुऱ्या तळणाऱ्या बाई. अल्जिब्रा शेवटी. फाडलेलं पत्र त्याच्याही शेवटी.

आई खूप वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मी किसणी ठेवून स्क्रीनमध्ये डोकावले. आई तिथेच होती. चष्मा काढून पदराने पुसत होती.

"तीनदा?" ती म्हणाली.

"तीनदा," मावशी म्हणाली.

"मला तेव्हा का नाही कळवलंस अक्का?"

मावशीकडे उत्तर नव्हतं. तिने दिलंही नाही. पुन्हा दोघी गप्प. मग आईने विचारलं, "आणि फी किती होती म्हणालीस?"

"काहीच नव्हती. पुस्तकं आणि पार्किंग."

"कुणालाही घ्यायचे?"

"कुणालाही."

आईने चष्मा लावला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तू काय उभी राहून ऐकतेस? तो दुधी काळा पडेल."